स्पानाकोपिता घरी करताना या चुका टाळा (आणि ‘नट’ नसलेल्या नट्सबद्दल)

पालक आणि फेटा चीजचा स्पानाकोपिता, नुसत्या चीजचा तिरोपिता, लाल भोपळ्याचा कोलोकिथोपिता. हे खारे ग्रीक पाई घरी बिघडतात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: सारणात राहिलेलं पाणी. वरून सोनेरी, कुरकुरीत आणि तळाला ओला लगदा, अशी तक्रार असेल तर ओव्हनकडे नंतर बघा, आधी सारण तपासा. दुसरा घोळ सुक्यामेव्याचा. चिलगोजे (पाइनचे दाणे), अक्रोड, पिस्ते ही सगळी मंडळी ‘नट्स’ म्हणून एकाच मापाने आणि एकाच वेळी घातली जातात. प्रत्यक्षात त्यांचं वागणं सारखं नसतं.

पुढचं प्रमाण 33 × 23 सेंटिमीटरच्या, साधारण 5 सेंटिमीटर खोल ट्रेसाठी आहे: पालक 1 किलो, फेटा 350 ग्रॅम, पातीचे कांदे 8, चिरलेला शेपू अर्धी वाटी, अंडी 3, मिरपूड, चिमूटभर जायफळ, फिलोच्या (कागदासारख्या पातळ लाटलेल्या तयार पिठाच्या) 12 शीट आणि त्यांना लावायला 120 मिली लोणी किंवा तेल.

पालक उकळत्या पाण्यात घालणं

पालक पनीरच्या सवयीने पालक उकळत्या पाण्यात बुडवला जातो, मग मिक्सरमधून काढला जातो. या पाईसाठी दोन्ही गोष्टी चुकीच्या. पालकात मुळातच 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यात उकळताना भर पडते. आणि एकदा वाटला की तो पिळताच येत नाही.

त्यापेक्षा पालक धुऊन, कोरडा करून चिरा. त्याला 1 मोठा चमचा मीठ चोळा आणि चाळणीत 30 ते 40 मिनिटं ठेवा. पानं मऊ पडून पाणी सुटतं. मग सुती पंच्यात घेऊन, मूठ-मूठ करून घट्ट पिळा. एकदा पिळून भागत नाही. पहिल्यांदा पिळल्यावर गोळा मोकळा करा, 10 मिनिटं थांबा, पुन्हा पिळा. दाबल्यावर बोटांच्या फटीतून थेंब येत नसेल तर काम झालं. वजन सुरुवातीच्या निम्म्याहूनही कमी भरतं आणि ‘एवढासाच उरला’ असं वाटतं. तसंच वाटायला हवं.

मीठ चोळायचं नसेल तर रुंद कढईत, मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता थोडा-थोडा पालक परता. पूर्ण गार होऊ द्या आणि मगच पिळा. गरम सारणात अंडी घातली तर ती तिथेच शिजून गुठळ्या होतात.

आपल्या बाजारात मिळणारा पालक बहुतेक वेळा ग्रीसमधल्या पालकाच्या जातीचा नसतो. तो बीटाच्याच प्रजातीतला, देठाने जाड. देठ काढून टाका, कारण सगळ्यात जास्त पाणी त्यातच राहतं आणि पाई कापताना दोरेही तेच लागतात. आपला शेपू वासाला उग्र असतो. ग्रीक पाककृतीत एक वाटी लिहिलेला असेल तर इथे अर्धी पुरे.

एवढं करूनही धाकधूक वाटत असेल तर तळाच्या शीटवर 2 मोठे चमचे बारीक रवा भुरभुरवा. ही पळवाट नाही. ग्रीसमधल्या घरांतही रवा, मूठभर तांदूळ किंवा पावाचा चुरा याच कामासाठी घालतात. भोपळ्याच्या पाईत तर तो घालाच. किसलेल्या 1 किलो भोपळ्याला 1 छोटा चमचा मीठ लावून तासभर चाळणीत ठेवा, पिळा, आणि तरीही रवा सोडू नका.

फेट्याचा खारटपणा न मोजणं

फेटा मिठाच्या पाण्यात मुरलेला असतो. पालकातही थोडं मीठ उरलेलंच असतं. म्हणून सारणात वेगळं मीठ घालायचंच नाही. थोडा फेटा राखून ठेवा आणि अंडी घालण्याआधी चमचाभर सारण चाखा. त्या वेळी किंचित खारट लागलं तर ठीक, कारण फिलो जवळजवळ अळणी असतो. जास्तच खारट वाटलं तर फेट्याचा उरलेला भाग अर्धा तास साध्या पाण्यात ठेवून, निथळून वापरा.

युरोपीय संघात 2002 पासून ‘फेटा’ हे नाव ग्रीसमधल्या ठरावीक भागांत बनलेल्या चीजलाच लावता येतं. त्यात किमान 70 टक्के मेंढीचं दूध असतं आणि उरलेलं शेळीचं. आपल्याकडे त्या नावाने किंवा तशा वर्णनाने विकलं जाणारं बरंचसं चीज गाईच्या दुधाचं असतं. ते जास्त मऊ आणि ओलसर असतं, आंबटपणा कमी. ते चालतं, पण 20 मिनिटं चाळणीत निथळून घ्या.

फेट्याऐवजी नुसतं पनीर घातलं की पाई रबरी आणि बेचव होतो. पनीरच वापरायचं असेल तर 300 ग्रॅम पनीर हाताने बारीक कुस्करा. त्यात 3 मोठे चमचे घट्ट चक्का, 1 छोटा चमचा लिंबाचा रस आणि पाऊण छोटा चमचा मीठ मिसळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. फेट्याची चव येणार नाही, पण त्याचा आंबट-खारटपणा येतो आणि पाईला तोच हवा असतो.

फिलो घाईत उलगडणं

गोठलेला फिलो थेट ओट्यावर ठेवून वितळवला तर बाहेरच्या शीट ओल्या होऊन चिकटतात आणि आतल्या गोठलेल्याच राहून घडीवर तुटतात. पाकीट न फोडता आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा. करण्याआधी तासभर बाहेर काढा, पाकीट तसंच बंद. मगच उलगडा. एकदा वितळलेला फिलो पुन्हा गोठवू नका. उरलेला घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये 3-4 दिवस राहतो.

उघडा राहिलेला फिलो काही मिनिटांत वाळून कडा मोडायला लागतात. पण त्यावर थेट ओला कपडा टाकला तर शीट एकमेकींना चिकटून कणीक होते. आधी कोरडा कपडा, त्यावर घट्ट पिळलेला ओला कपडा. खालची एखादी शीट फाटली तर काळजी नको, तुकडे जोडून लावा, दिसत नाही. चांगल्या दोन शीट मात्र सगळ्यात वरच्या थरासाठी बाजूला ठेवा.

तेल-तुपात कंजुषी केली की थर वेगळे होत नाहीत, एकच जाड चामडं तयार होतं. प्रत्येक शीटला साधारण 2 छोटे चमचे, आधी कडांना आणि मग मध्ये. लोणी आणि ऑलिव्ह तेल निम्मं-निम्मं हा चवीचा चांगला मेळ. लोण्यात 16 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणून ते वितळवून वरचं निथळ घ्या, तळाचा पांढरा गाळ सोडा. साजूक तूप तांत्रिकदृष्ट्या उत्तम, पण रवाळ थिजलेलं असेल तर नाजूक शीट फाडतं. कोमट करूनच लावा. त्याचा वास शेपूवर मात करतो, हेही लक्षात असू द्या.

तळाला 7 शीट, वर 5. वरचे थर भाजण्याआधीच सुरीने चौकोनात कापा, सारणापर्यंत, तळापर्यंत नाही. या चिरांतून वाफ निघते आणि भाजल्यावर कापताना वरचा थर चुरा होत नाही. शेवटी हाताने थोडं पाणी वर शिंपडा, म्हणजे कडा वळत नाहीत. एवढं झालं की ट्रे लगेच ओव्हनमध्ये गेला पाहिजे. भरलेला पाई तासभर ओट्यावर राहिला तर आधीची सगळी पिळापिळी वाया जाते.

समोशाची पट्टी फिलोऐवजी चालते का? त्रिकोणी छोट्या तुकड्यांसाठी चालते, ट्रेमधल्या थरांच्या पाईसाठी नाही. ती आधीच तव्यावर अर्धी शेकलेली आणि जाड असते. फिलो मिळतच नसेल तर ग्रीसमधलंच ‘कुरू’ पीठ करा: मैदा 500 ग्रॅम, बेकिंग पावडर 3 छोटे चमचे, मऊ लोणी 200 ग्रॅम, घट्ट दही 200 ग्रॅम, मीठ. फार मळू नका. पुरीएवढ्या गोलात चीज भरून करंजीसारखं मिटा आणि 180 अंशांवर 25-30 मिनिटं भाजा. यात थर नाहीत, त्यामुळे बिघडायला जागाही कमी.

तळाला उष्णता न पोचणं

180 अंश सेल्सिअस, 20 मिनिटं आधी तापवलेला ओव्हन, ट्रे सगळ्यात खालच्या खाचेत, 50 ते 60 मिनिटं. ओटीजीमध्ये खालची-वरची दोन्ही कॉइल चालू. काचेचा ट्रे हळू तापतो, गडद रंगाचा धातूचा घ्या. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये बहुधा खालून उष्णताच नसते, तिथे तळ पांढरा राहणार हे धरून चला. उपाय सोपा आहे: धातूचा ट्रे बाहेर काढून गरम तव्यावर, मंद आचेवर 4-5 मिनिटं ठेवा आणि जागा बदलत राहा. काचेच्या ट्रेला हा प्रयोग करू नका, तडकेल.

भाजून झाल्यावर 20-30 मिनिटं थांबा आणि वर झाकण किंवा फॉइल ठेवू नका.

सगळे ‘नट्स’ एकाच मापाने मोजणं

वनस्पतिशास्त्रात नट म्हणजे कडक कवचाचं, आपणहून न उकलणारं, सहसा एकाच बीचं कोरडं फळ. हेझलनट आणि चेस्टनट या व्याख्येत बसतात. बदाम, पिस्ता आणि काजू या आंब्यासारख्या बाठेच्या फळांतल्या बिया. शेंगदाणा कडधान्याच्या कुळातला. चिलगोजा तर फळातला नाहीच, तो पाइनच्या शंकूतली उघडी बी. अक्रोडाबद्दल शास्त्रज्ञांतच मतभेद आहेत.

स्वयंपाकघरात या वर्गवारीपेक्षा तेल आणि पाणी महत्त्वाचं. अक्रोडात सुमारे 65 टक्के तेल, बदामात 50, पिस्त्यात 45, चिलगोज्यात साधारण निम्मं. खऱ्याखुऱ्या नट असलेल्या चेस्टनटमध्ये जेमतेम 2 टक्के. तो पिठूळ आणि ओलसर, जवळजवळ बटाट्याच्या वळणाचा. म्हणून भोपळ्याच्या पाईतल्या अक्रोडाऐवजी चेस्टनट घातला तर कुरकुरीतपणा येत नाही, उलट ओल वाढते.

पहिली चूक: कच्चेच सारणात घालणं. सारणाच्या आत भाजलं जात नाही, वाफवलं जातं. त्यामुळे अक्रोड रबरी होतात आणि चिलगोजे बेचव. अक्रोड 160 अंशांवर 8-10 मिनिटं भाजा, गरम असतानाच कपड्यात चोळून सुटेल तेवढी साल काढा. कडूपणा त्या सालीत असतो. हाताने जाडसर चिरा. मिक्सरने तेल सुटून गोळा होतो. कोलोकिथोपितासाठी 1 किलो भोपळा, 200 ग्रॅम फेटा आणि 80 ग्रॅम अक्रोड हा हिशोब बरा.

दुसरी: वरून पेरून तासभर भाजणं. चिलगोजे काळे होतात. वर घालायचेच असतील तर शेवटच्या 8-10 मिनिटांत. कढईत भाजताना मंद आच, 3-4 मिनिटं, सतत हलवत, आणि रंग चढायला लागताच ताटलीत काढा. गरम कढईत राहिले तर गॅस बंद केल्यावरही जळतात.

भूमध्य समुद्राकाठी वापरतात ते स्टोन पाइनचे दाणे. त्याचा शंकू पिकायला 3 वर्षं लागतात, भाव उगाच नाही. आपल्याकडचा किन्नौरचा चिलगोजा वेगळ्या पाइनचा, जरा लांबट, आणि स्वस्त तोही नाही. फेट्याशिवायच्या, ग्रीक ख्रिस्ती उपवासाच्या काळातल्या पालक-पाईत 40 ग्रॅम चिलगोजे घालायचे असतील आणि खिशाला झेपत नसतील तर चारोळी घ्या. मऊ, तेलकट, आकाराने लहान, आणि 2 मिनिटांत भाजली जाते. काजूचे तुकडे त्या मानाने गोडसर लागतात आणि खारवलेले पिस्ते सारणाचं मीठ बिघडवतात. चारोळी आणि चिलगोजे दोन्ही लवकर खवट होतात, हवाबंद डब्यात फ्रीजमध्येच ठेवा आणि वापरण्याआधी दोन दाणे चावून बघा.

कधी दाणे ताजे असतात, पाई चांगला झालेला असतो आणि तरीही एक-दोन दिवसांनी खाणाऱ्याला प्रत्येक घास कडू लागायला लागतो. काही पाइन जातींच्या, विशेषतः चीनमधल्या एका जातीच्या दाण्यांनी हे होतं. काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत ते आपोआप जातं. खवट दाणा मात्र चावताच कळतो.

सगळ्यात धोक्याची चूक वेगळीच आहे: ‘हे शास्त्रीयदृष्ट्या नट नाहीत, म्हणजे नट्सची अ‍ॅलर्जी असलेल्याला चालतील’ असा निष्कर्ष. अ‍ॅलर्जी वनस्पतिशास्त्राची व्याख्या बघत नाही. बिया असल्या तरी काजू आणि पिस्त्याची अ‍ॅलर्जी गंभीर असू शकते, आणि एकाची असेल तर दुसऱ्याची असण्याची शक्यता मोठी. चारोळीही त्याच कुळातली, त्यामुळे अशा पाहुण्यासाठी ती ‘सुरक्षित पर्याय’ समजू नका. आणखी एक बारकावा: युरोपीय संघाच्या अ‍ॅलर्जी-यादीत बदाम, अक्रोड, काजू, पिस्ता आहेत, पाइनचे दाणे नाहीत. तिकडून आलेल्या पाकिटावर ते ठळक छापलेले असतीलच असं नाही. घटकांची पूर्ण यादी वाचा.

झालंच चुकीचं, तर

कापल्यावर तळ ओला दिसला तर तुकडे वेगळे करून जाळीवर ठेवा आणि 170 अंशांवर 12-15 मिनिटं पुन्हा भाजा. उरलेला पाई मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, चिवट होतो. ओव्हन नसेल तर झाकण न ठेवता जाड तव्यावर मंद आच. फार खारट झाला तर सोबत बिनमिठाचा घट्ट चक्का आणि काकडी द्या. छोटे त्रिकोण फुटत असतील तर 7-8 सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर 1 छोटा भरलेला चमचा, त्याहून जास्त सारण नको, आणि पहिली घडी किंचित सैल ठेवा, कारण अंडी घातलेलं सारण फुगतं. हे त्रिकोण कच्चेच गोठवता येतात. भाजताना वितळवू नका, फ्रीझरमधून थेट ओव्हनमध्ये, नेहमीपेक्षा 5-7 मिनिटं जास्त.