किनाऱ्यावर येण्याआधी तिथी पाहा

दिवाळी जवळ आली की पुण्या-कोल्हापुराकडचे आमचे आप्त फोन करून विचारू लागतात, की गोव्याला येताना बरोबर काय काय घ्यावे. टोपी, गॉगल, पोहण्याचे कपडे ही यादी त्यांनी आधीच केलेली असते. मी तिच्यात एकच भर घालतो, ती म्हणजे तिथ्या छापलेले कॅलेंडर. पेडणे तालुक्यात समुद्रापासून दहा मिनिटांच्या वाटेवर राहून पाहुण्यांच्या अनेक सहली मी पाहिल्या आहेत. घरी विसरलेली वस्तू म्हापशाच्या बाजारात मिळते. हुकलेली ओहोटी मात्र त्या दिवशी उजेडात पुन्हा मिळेलच असे नाही.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते आणि त्यांची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे जाते, म्हणून तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीचा तास काढण्याचा जुना हिशेब आपल्याकडे आहे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा आहे. गोव्यात पाणी त्याच्या अर्धा-एक तास आधी भरते. नेमकी वेळ हवी असल्यास मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक फोनमध्ये उतरवून घ्यावे, पण खोली आरक्षित करण्यापूर्वी कोणता आठवडा निवडावा एवढे ठरवायला तिथी पुरते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी खूप चढते आणि तितकेच मागेही जाते, आणि त्या दिवसांत ओहोटी साधारण चार-पाचच्या सुमारास येत असल्याने मावळतीच्या वेळी हरमल, मांद्रे किंवा मोरजीला चालण्यासाठी घट्ट, ओली आणि रुंद वाळू मिळते. अष्टमीच्या आसपास भांग असतो; पाणी चढते-उतरते कमी, परंतु नेमके संध्याकाळीच ते वर आलेले असते. बरोबर वयस्कर माणसे असतील आणि त्यांचे गुडघे कोरड्या भुसभुशीत वाळूत चालू देत नसतील, तर हा फरक फार मोठा आहे.

याच हिशेबाने दोन ठिकाणे आधी कागदावर लिहून ठेवावीत. काणकोणातील पाळोळ्याच्या उत्तर टोकाला एक लहान बेट आहे आणि ओहोटीला तेथे चालत जाता येते. उलट, गोव्याच्या उत्तर टोकाला केरीहून तेरेखोल किल्ल्याकडे नेणारी फेरीबोट पाणी फार उतरले की थांबते, आणि मग किल्ला समोर दिसत असताना नदीला लांबचा वळसा घालावा लागतो. एकाच ओहोटीने एकीकडे वाट उघडते आणि दुसरीकडे बंद होते, हे ध्यानात घेऊन कोणत्या दिवशी उत्तरेला आणि कोणत्या दिवशी दक्षिणेला जायचे ते ठरवावे. पाळोळ्याच्या त्या बेटावर माझा मावसभाऊ एकदा फोटो काढत रमला आणि परतताना पाणी कमरेच्या वर आले. मुलीला खांद्यावर आणि चपला हातात घेऊन तो सुखरूप आला खरा, पण गाडीची रिमोटची किल्ली विजारीच्या खिशात होती. किल्लीतून पाण्याचे थेंब गळत होते आणि बटण दाबले की गाडी ढिम्म. दुसरी किल्ली कोथरूडच्या घरी, कपाटात. तेव्हापासून आमच्या घरच्या यादीत कॅलेंडरखालोखाल गाडीची दुसरी किल्ली येते. ती मुक्कामाच्या खोलीत ठेवावी आणि पहिली, फोनसह, गळ्यात अडकवता येणाऱ्या जलरोधक पिशवीत घालावी.

महिन्याची निवड त्यामानाने सोपी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम, गर्दी आणि भाडेही त्याच प्रमाणात, त्यातही नाताळ ते नववर्ष हा आठवडा सहकुटुंब येणाऱ्यांनी शक्यतो टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. एप्रिल-मे महिन्यांत उकाडा जाचतो, पण मानकुराद आंबा त्याच दिवसांत मिळतो, आणि त्यासाठी घाम सोसणारे लोक आमच्याच घरात आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, पाण्यावरचे खेळ थांबतात, किनाऱ्यावरचे शॅक तत्पूर्वीच उतरवलेले असतात आणि समुद्रात उतरण्यास मनाई असते. जो पाऊस पाहायलाच येणार आहे त्याने जरूर यावे, कारण वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या प्रदेशाचा रंग तेव्हाच खरा दिसतो. मात्र त्याने सहलीचे केंद्र समुद्राऐवजी नद्या, देवळे आणि जुनी घरे यांकडे हलवावे. गणेशचतुर्थीला, म्हणजे आमच्या चवथीला, हिंदूंची दुकाने व खानावळी एक-दोन दिवस बंद असतात, हेही जेवणाची व्यवस्था करताना विसरू नये.

रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते आणि सुट्टीच्या गाड्या पहिल्याच सकाळी भरतात, तेव्हा त्या दिवसाची खूण त्याच कॅलेंडरवर करून ठेवावी. तिकीट काढताना सर्वांनी मडगावच निवडण्याचे कारण नाही: हरमल-मांद्र्याकडे राहणाऱ्यांना पेडणे, कळंगुट-बागेकडच्यांना थिवी, जुन्या गोव्याजवळच्यांना करमळी आणि पाळोळे-आगोंदला जाणाऱ्यांना काणकोण हे स्थानक जवळ पडते, मात्र आपली गाडी तेथे थांबते का ते पाहावे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते. विमानाने येणाऱ्यांनी तिकिटावर विमानतळाचे नाव नीट वाचावे. जानेवारी २०२३ पासून मोपा येथील मनोहर विमानतळही वाहतुकीस खुला असल्याने 'गोवा' म्हणजे दाबोळी असे आता गृहीत धरता येत नाही, आणि मोप्याला उतरून पाळोळ्याला जायचे तर सुमारे शंभर किलोमीटरची रपेट करावी लागते. मोटारीने येणाऱ्यांनी आंबोली किंवा चोर्ला घाट दिवसाउजेडी उतरावा. पावसाळ्यातील धुक्यात तर आवर्जून.

गावांची नावे हा स्वतंत्र तयारीचा विषय आहे, कारण पाट्यांवरची पोर्तुगीज वळणाची नावे आणि लोकांच्या तोंडची नावे यांचा मेळ बसत नाही. पाटीवर जे 'अंजुना' वाचाल ते हणजूण, 'अरंबोल' ते हरमल, 'बिचोलिम' ते डिचोली, 'सांकेलिम' ते सांखळी, 'कानाकोना' ते काणकोण आणि 'केपेम' ते केपे. वाट विचारताना मराठी माणसाने इंग्रजी उच्चाराची कसरत करण्याची काहीच गरज नाही. हणजूण म्हटल्यास उत्तरही मोकळेपणाने मिळते. एकाच नावाची गावे असणे ही आणखी एक अडचण. केरी पेडण्यात आहे, फोंड्यात आहे आणि सत्तरीतही आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे येणारे एक कुटुंब नकाशात नुसते 'केरी' घालून निघाले आणि चोर्ला घाट उतरताच सत्तरीच्या केरीत थांबून, आजूबाजूला पोफळीच्या बागा आणि डोंगर पाहत, 'समुद्र नेमका कुठल्या अंगाला आहे?' असे फोनवर विचारू लागले. तेव्हा गावाबरोबर तालुका लिहून घ्यावा: पेडणे, बार्देश, तिसवाडी, मुरगाव, सासष्टी आणि काणकोण हे किनाऱ्याचे मुख्य तालुके.

स्थानिक प्रवासासाठी पुण्या-मुंबईची टॅक्सीची अॅप येथे चालतील अशी अपेक्षा ठेवू नये. उतरण्याच्या ठिकाणापासून मुक्कामापर्यंतचे वाहन आधी ठरवून त्याचे भाडे लिहून घ्यावे. भाड्याची दुचाकी घेताना तिच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे आहेत याची खात्री करावी, कारण पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे आणि पोलिसांनी अडवले तर खोळंबा आपलाच होतो. एकट्या प्रवाशाला मोटारसायकलवर नेणारा 'पायलट' ही गोव्याची जुनी सोय आजही उपयोगी पडते. गाडी वाळूवर नेण्यास बंदी आहे, आणि नेलीच तर वर वर्णिलेली भरती तिची वाट पाहत असते.

समुद्रात उतरण्याची तयारी घरीच, मुलांना समोर बसवून करावी. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागावर जीवरक्षकांचे लक्ष असते, म्हणून तेथेच उतरावे. नुसता लाल झेंडा दिसल्यास पाण्यात जाऊ नये. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मध्ये एखादा पट्टा शांत आणि गढूळ दिसत असेल, तर ती उतरण्याची सोयीची जागा नाही. किनाऱ्यावर आलेले पाणी तेथूनच परत आत ओढले जात असते. या ओढीत सापडल्यास सरळ किनाऱ्याकडे हात मारत बसल्याने दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहून आधी ओढीतून बाहेर पडावे आणि मग लाटेबरोबर आत यावे. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. नदीच्या मुखाशी, म्हणजे तेरेखोल, शापोरा, साळ, तळपण येथे पाणी उथळ व स्वच्छ दिसले तरी उतरू नये. ओल्या खडकांवरील शेवाळ हे लाटेइतकेच घातक असते, आणि वागातोर-हणजूणच्या काळ्या कातळावर पाठमोरे उभे राहून फोटो काढणाऱ्यांना हे पटवून देता देता मी थकलो आहे. औषधांच्या पेटीत नेहमीच्या गोळ्यांबरोबर जलसंजीवनीची पाकिटे आणि व्हिनेगरची लहान बाटली असावी; जेलीफिश लागल्यास ती जागा चोळू नये, गोड्या पाण्याने धुऊ नये, व्हिनेगर ओतून जीवरक्षकाला दाखवावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर संकटासाठी ११२ हे क्रमांक पुरेसे आहेत.

मोरजी, आश्वे, आगोंद आणि गालजीबाग येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. तेथे रात्री जाणार असाल तर विजेऱ्या आणि फोनचे दिवे बंद ठेवण्याची तयारी हवी, आणि कुंपण घातलेल्या घरट्यापासून दूर राहावे.

किनाऱ्याच्या सहलीत फोंड्यासाठी एक दिवस का ठेवावा, असे काही जण विचारतात. कारण असे, की तेथील देव मुळात किनाऱ्याकडचेच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडण्यास सुरुवात केल्यावर मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून आणि रामनाथ लोटलीहून नदीपलीकडे हलवले गेले. ज्यांचे कुलदैवत यांपैकी आहे त्यांनी अभिषेक किंवा नैवेद्यासाठी देवस्थानाशी आधी बोलावे आणि राहायचे असल्यास अग्रशाळेतील खोलीची चौकशी करावी. सणाच्या वा जत्रेच्या दिवसांत ऐनवेळी जागा मिळत नाही. खांदे व गुडघे झाकणारा एक तरी पोशाख प्रत्येकाजवळ असावा, कारण चड्डी-बनियनवरच्या माणसाला दारात थांबवले जाते आणि ते योग्यच आहे. तोच पोशाख जुन्या गोव्यातील चर्चमध्येही चालतो. ही चर्चे व कॉन्व्हेंट १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर आणि तेथून दुसऱ्या फेरीबोटीने नार्व्याला गेल्यास सप्तकोटेश्वराचे देऊळ लागते. हा देवही मूळचा दिवाडीचाच, आणि नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. माझ्या मते गोव्यातील सर्वांत सुंदर अर्धा दिवस हाच, आणि पाहुणे नेमका तोच गाळतात.

उरलेले सामान थोडक्यात सांगतो. सुती आणि लवकर वाळणारे कपडे, पाण्यात भिजले तरी चालतील असे पट्ट्याचे पादत्राण, प्रत्येक प्रौढाचे ओळखपत्र, फेरीबोटीसाठी व खेड्यातील दुकानांसाठी थोडी रोख रक्कम, आणि गाडीच्या डिकीत पाच लिटर गोड्या पाण्याचा कॅन व जुना पंचा, म्हणजे वाळूने भरलेले पाय धुऊन, पुसून मगच आत बसता येते. उघड्यावर, किनाऱ्यावर दारू पिण्यास व स्वयंपाक करण्यास बंदी असून दंड होतो, तेव्हा स्टोव्ह आणि पातेली घरीच ठेवावीत. पणजीच्या फोंतैन्यश या जुन्या वस्तीत लोक राहतात, ते देखाव्याचे नेपथ्य नव्हे. कोणाच्या पायरीवर बसून फोटो काढण्यापूर्वी विचारावे.

परतताना काजू, आमसुले आणि मिळाल्यास काणकोणची खोला मिरची घ्यावी, ज्यासाठी पिशवीत सुरुवातीपासूनच जागा राखलेली बरी. दारूच्या बाटल्या परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणे गुन्हा आहे आणि सीमेवरच्या नाक्यांवर तपासणी होते, म्हणून न्यायचीच असल्यास परवाना आदल्या दिवशीच काढून ठेवावा.