लोणची चाखायची तर खार वेगळा, फोड वेगळी

लोणची चाखायचा छंद लावून घ्यायचा तर मुंबईसारखी जागा नाही, सगळ्या प्रांतांची माणसं इथे आणि प्रत्येकाच्या बरणीत वेगळंच काहीतरी. फक्त दहा पाकिटं आणून बोटं बुडवत सुटू नका, थोड्या वेळाने जीभ बधिर होते आणि सगळंच नुसतं तिखट-खारट लागायला लागतं. एका बैठकीला चार, फार तर पाच.

पहिली बैठक कैरीचीच करा, म्हणजे फळ एक आणि तेल वेगळं. आपलं मराठी लोणचं गोडेतेलातलं, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद. यूपी-बिहारकडचं सरसोंच्या तेलातलं, त्यात बडीशेप आणि कलौंजी, म्हणजे ते बारीक काळं बी. आंध्रचं आवकाय तिळाच्या तेलातलं, मोहरीची पूड आणि लाल तिखट सढळ हाताने. आपलं दादरला गृहउद्योगवाल्यांकडे मिळतं, नाहीतर १९१० पासूनचे गिरगावचे बेडेकर आहेतच, आणि आवकाय माटुंग्याला स्टेशनच्या बाहेर साउथ इंडियन दुकानांत बघा. सुटं मिळालं तर शंभर ग्रॅमच घ्या.

आता चाखायचं कसं. आधी झाकण उघडून वास घ्या, हिंग आधी येतो की तेल ते बघा. मग नुसता खार, चमच्याच्या टोकावर येईल एवढाच, आणि गिळायची घाई करू नका कारण मीठ-आंबट लगेच कळतं, मोहरी मागून नाकात चढते आणि मेथीचा कडवटपणा सगळ्यात शेवटी येतो, आणि तो कडवटपणा रेंगाळत राहिला तर मेथी तळताना करपली असं समजा. त्यानंतर फोड, ती शक्यतो खार निथळून खायची. चांगल्या फोडीची साल दाताखाली करकरीत लागते आणि आतल्या गरापर्यंत मीठ पोचलेलं असतं. बाहेर झणझणीत आणि आत कोरी कच्ची कैरी, म्हणजे लोणचं मुरलेलंच नाही. माझ्या मते लोणच्याची खरी परीक्षा फोडीतच होते, झणझणीत खार कोणीही करेल. कोयीचं कवच लागलेली फोड मिळाली तर ती आधी उचला, ती सहसा मऊ पडत नाही.

दोन लोणच्यांच्या मध्ये पाणी पिऊन उपयोग नाही, मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. बिनमिठाचा मऊ भात आणि दोन चमचे दही ठेवा, त्याने जीभ जागेवर येते. चमचा प्रत्येक वाटीला वेगळा आणि कोरडा हवा, ओला चमचा गेला की बुरशी आलीच. बीपीवाल्यांनी मात्र खरंच जपून, यात मीठ भरपूर असतं.

क्रम चुकला की मजा जाते. मिठाच्या पाण्यातली आधी, म्हणजे माटुंग्याची ती इवल्या कैऱ्यांची वडू मांगा, मग तेलातली, मग लसणाची, आणि गोड सगळ्यात शेवटी. छुंदा किंवा गोरकेरी, ही गुजराती गोड लोणची, आधी खाल्लीत तर पुढची सगळी लोणची उगाच आंबट लागतील. पारशांचं लगननु अचारही गोडातच धरा, गाजर, सुका मेवा, व्हिनेगर आणि गूळ, खूप लोकांना माहीतच नसतं आणि फारच सुंदर लागतं. कोलंबीचं लोणचं एखाद्या वेगळ्या दिवशी, त्याच्यानंतर जिभेवर दुसरं काही टिकत नाही.

हे सगळं जमलं की मे अखेरीला दादर मार्केटला जा, तिथे मोठ्या अडकित्त्याने कैऱ्या फोडून देतात, किलोभर घेऊन घरी घाला आणि त्याच बरणीतलं आठवड्याने, महिन्याने आणि दिवाळीला चाखा आणि दर वेळी दोन ओळी लिहून ठेवा.