सशाच्या पिल्लाला ट्रेची सवय कशी लावावी

ससा मोकळा सोडला तरी लघवीसाठी बहुधा एखादाच कोपरा धरतो आणि पुन्हा पुन्हा तिथेच जातो. ट्रेची सवय लावताना सगळी भिस्त या उपजत ओढीवर असते, त्यामुळे पिल्लाने निवडलेली जागा ओळखणे आणि तिथे ट्रे ठेवणे हेच यातले मुख्य काम आहे. पिल्लू किमान 8 आठवड्यांचे होईपर्यंत त्याला आईपासून वेगळे करू नये. घरी आणल्यावर मात्र पहिल्या दिवसापासूनच ट्रे त्याच्या नजरेसमोर असावा.

ट्रे आणि त्यातला थर

ट्रे इतका मोठा घ्यावा, की ससा पूर्ण वाढल्यावरही त्यात सहज वळू शकेल आणि अंग पसरून बसू शकेल. कोपऱ्यात बसणारे तिकोनी ट्रे बहुतेक वेळा अपुरे पडतात. त्यापेक्षा प्लास्टिकचा साधा पसरट टब बरा. पिल्लाला आत चढता यावे म्हणून त्याची एक बाजू बुटकी असावी.

तळाशी कागदाच्या लगद्यापासून बनवलेल्या गोळ्यांचा पातळ थर पसरावा. मांजरांसाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी माती सशाच्या ट्रेमध्ये कधीही घालू नये. पिल्ले समोर येईल ते चघळून पाहतात आणि ही माती पोटात गेल्यास आतड्यात अडथळा निर्माण होऊ शकतो. पाइन किंवा सीडर यांसारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसाही टाळावा, कारण त्यातील बाष्पशील द्रव्यांचा यकृतावर परिणाम होतो.

यानंतर ट्रेच्या एका टोकाला भरपूर सुके गवत ठेवावे. हे करायला अनेक जण विसरतात, आणि सवय न लागण्याचे ते मोठे कारण असते. ससा गवत चघळता चघळताच लेंड्या टाकतो, त्यामुळे गवतापर्यंत पोहोचण्यासाठी त्याला ट्रेमध्ये बसावे लागेल अशी मांडणी केली की निम्मे काम आपोआप होते.

सुरुवात लहान जागेपासून

पहिले काही दिवस पिल्लाला संपूर्ण खोली देऊ नये. पिंजरा आणि त्याभोवतीचे छोटे कुंपण एवढीच जागा पुरेशी आहे. तो कोणत्या कोपऱ्यात लघवी करतो ते पाहावे आणि ट्रे तिथेच ठेवावा. आपल्या सोयीच्या कोपऱ्यासाठी हट्ट धरल्यास बहुधा ससाच जिंकतो. बाहेर सांडलेल्या लेंड्या उचलून ट्रेमध्ये टाकाव्यात आणि लघवी टिपलेला कागदही तिथेच ठेवावा, म्हणजे वासावरून जागा त्याच्या लक्षात राहते. याच कारणासाठी ट्रे साफ करताना थोडासा वापरलेला थर मागे ठेवावा. बाहेरचा डाग मात्र पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने पुसून वास पूर्ण घालवावा. ट्रेच्या तळाशी साचणारा पांढरा थर कॅल्शियमचा असतो, तोही व्हिनेगरनेच सुटतो.

लघवी करण्यापूर्वी पिल्लू मागे सरकत कोपऱ्याला पाठ लावते, शेपटी किंचित वर उचलते आणि क्षणभर अगदी स्तब्ध होते. ही खूण दिसताच त्याला हळुवारपणे ट्रेकडे वळवावे, आणि ते आत गेले की हिरव्या पाल्याचे एखादे पान द्यावे. ओरडणे, टाळ्या वाजवणे, नाक डागावर घासणे यांतले काहीही करू नये. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. शिक्षेतून तो चूक ओळखायला शिकत नाही, माणसाला घाबरायला मात्र शिकतो.

लघवी सातत्याने ट्रेमध्ये होऊ लागली, की मोकळी जागा थोडी थोडी वाढवावी. जागा वाढवल्यावर चुका वाढल्या तर पुन्हा मागे यावे आणि मोठ्या खोलीत दुसरा ट्रे ठेवावा. गाद्या आणि उशा सशांना विशेष मोहात पाडतात, म्हणून सुरुवातीला त्या आवाक्याबाहेर ठेवलेल्या बऱ्या. इकडेतिकडे दोन-चार सुट्या लेंड्या दिसतच राहतील. ती हद्दीची खूण असते आणि तेवढी सवलत पिल्लाला द्यायलाच हवी.

वयात आल्यावर

साधारण 4 ते 6 महिन्यांच्या दरम्यान शिकलेला ससा अचानक जागोजागी लघवीच्या चिळकांड्या उडवू लागतो. मालक इथे खचून जातात, पण हा बदल संप्रेरकांमुळे होतो. सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून नसबंदी करून घेतल्यास काही आठवड्यांत बहुतेकांची सवय पूर्ववत होते, आणि माद्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोकाही टळतो.

ट्रे रोज साफ करताना त्यातले निरीक्षणही करावे. लेंड्या गोल, कोरड्या आणि साधारण एकसारख्या असाव्यात. मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घोसासारखे दिसणारे पुंजके म्हणजे जुलाब नव्हेत. ससा ते एरवी थेट गुदद्वारातून खातो आणि त्यांतून त्याला पोषण मिळते. लघवी फिकट पिवळ्यापासून तांबूस रंगापर्यंत असू शकते. सवय लागलेला मोठा ससा एकाएकी ट्रेबाहेर लघवी करू लागला, कुंथू लागला किंवा त्याची मागची बाजू सतत ओली राहू लागली, तर मूत्रमार्गाचा त्रास असू शकतो, म्हणून तपासणी करून घ्यावी. आणि 12 तास उलटूनही ससा काही खात नसेल किंवा ट्रेमध्ये एकही लेंडी नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याला पशुवैद्याकडे न्यावे.