एक्झॉस्ट फॅन लावूनही घर कोंदतंय? फॅनशेजारची खिडकी बंद करा

बेळगाव-खानापूरकडं पावसाळा म्हणजे दारं-खिडक्या गच्च बंद, मग फोडणीचा ठसका आणि ओल घरातच फिरते, आणि फॅन तासभर लावला तरी फरक पडत नाही, लाईट बिल तेवढं वाढतं. बहुतेक घरात फॅनच्या बाजूचीच खिडकी उघडी असते, तिथनंच हवा आत येते आणि तिथनंच परत बाहेर जाते, आतली जागची हलत नाही.

१. फॅनजवळची खिडकी बंद.
२. घराच्या दुसऱ्या टोकाची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, मधली दारं पण. इकडं पाऊस जास्त करून पश्चिमेकडनं मारतो, म्हणून पूर्वेची असली तर बरी.
३. उदबत्ती धरून बघा की, धूर फॅनकडं ओढला गेला म्हणजे जमलं.

स्वयंपाक झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवला तरी बास.

एक मात्र सांभाळा, घरात गॅस गिझर असेल तर सगळं बंद करून एक्झॉस्ट लावू नका, जळालेला गॅस उलटा आत ओढला जातो आणि त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साईडला वासच नसतो.