क्रूझ रद्द झाल्यावर मिळणारे क्रेडिट आणि सवलत: स्वीकारण्यापूर्वी काय तपासावे

क्रूझ रद्द झाल्याचे कळवणाऱ्या पत्रात बऱ्याचदा पुढील सफरीसाठीचे क्रेडिट, म्हणजे रोखीऐवजी कंपनीकडे राहणारी जमा, ठळकपणे मांडलेले असते आणि रोख परताव्याचा उल्लेख बराच खाली, एखाद्या दुव्याच्या आड असतो. मार्च २०२० मध्ये जगभरातील क्रूझ थांबल्या तेव्हा अनेक कंपन्यांनी प्रवाशांपुढे हेच दोन पर्याय ठेवले होते: भरलेली रक्कम पूर्ण परत घ्या किंवा भाड्याच्या १२५ टक्के इतके क्रेडिट घ्या. वादळामुळे, जहाजाच्या दुरुस्तीमुळे किंवा वेळापत्रकातील बदलामुळे सफर रद्द झाली तरी असा प्रस्ताव येऊ शकतो. क्रेडिट स्वीकारणे म्हणजे कंपनीला बिनव्याजी आणि बिनतारण कर्ज देणे होय, हे ध्यानात ठेवूनच पुढचा निर्णय घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत आधी, सफर रद्द कोणी केली हे लेखी स्वरूपात निश्चित करावे. कंपनीने रद्द केली असेल तर पूर्ण परतावा मागण्याची तुमची बाजू भक्कम असते. तुम्ही रद्द केली असेल तर करारातील कपातीचे कोष्टक लागू होते आणि निघण्याची तारीख जितकी जवळ तितकी कपात मोठी असते. म्हणून सफर रद्द होणार अशी नुसती कुणकुण लागली असताना घाईने स्वतःहून आरक्षण रद्द करू नये. कंपनीच्या अधिकृत घोषणेची वाट पाहावी, मात्र अंतिम हप्ता भरण्याची तारीख चुकू देऊ नये. जहाज निघाले पण एखादे बंदर वगळले, तर तो सफर रद्द होण्याचा प्रकार मानला जात नाही. अशा वेळी त्या बंदराचे शुल्क आणि कंपनीमार्फत घेतलेल्या तेथील सहलीचे पैसे एवढेच सामान्यतः परत मिळतात.

यानंतर प्रस्तावात नेमके काय देऊ केले आहे ते ओळखावे, कारण एकसारख्या वाटणाऱ्या शब्दांमागे वेगवेगळ्या गोष्टी असतात. फ्यूचर क्रूझ क्रेडिट हे पुढील आरक्षणाच्या भाड्यात वळते होते. ऑनबोर्ड क्रेडिट फक्त जहाजावरील खर्चासाठी, म्हणजे पेये, विशेष उपाहारगृहे, स्पा, किनाऱ्यावरील सहली यांसाठी असते, आणि न वापरलेला भाग सफर संपताच बुडू शकतो. टक्केवारीतील सवलत ही तिसरी गोष्ट: तिच्यात तुमचा पैसा अडकत नाही, पण ती बहुधा मूळ भाड्यावरच मिळते, कर, बंदर शुल्क आणि सेवाशुल्क यांना ती लागत नाही. पूर्ण रोख परतावा आणि त्याशिवाय पुढील सफरीवर सवलत, असा प्रस्ताव असेल तर तो निःशंकपणे घ्यावा.

क्रेडिट फायदेशीर आहे का, हे कागदावर आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. समजा, दोघांच्या केबिनचे मूळ भाडे १,००,००० रुपये आणि कर व बंदर शुल्क २०,००० रुपये होते. रोख परतावा घेतल्यास १,२०,००० रुपये हाती येतील. १२५ टक्के क्रेडिट घेतल्यास १,२५,००० रुपयांचे क्रेडिट मिळेल आणि कराचे २०,००० रुपये सहसा रोख परत येतील, कारण वाढीव टक्केवारी फक्त मूळ भाड्यावर मोजली जाते. आता पुढच्या वर्षी त्याच सफरीचे भाडे १,३०,००० रुपये झाले आणि सर्वांसाठी २० टक्के सवलत जाहीर झाली, तर रोख पैसे असणाऱ्याला ती १,०४,००० रुपयांना पडेल. क्रेडिट आणि सवलत एकत्र वापरण्यास मनाई असेल, तर क्रेडिटधारकाला १,२५,००० रुपयांचे क्रेडिट संपवून वर ५,००० रुपये भरावे लागतील. म्हणजे मूळ भाड्याचे १,००,००० धरून त्याच्या खिशातून एकूण १,०५,००० रुपये गेले. एकत्र वापरण्यास मुभा असेल तर २१,००० रुपयांचे क्रेडिट शिल्लक राहील, पण ‘उरलेली रक्कम परत मिळणार नाही’ अशी अट असल्यास प्रत्यक्ष फायदा ४,००० रुपयांचाच. पंचवीस टक्क्यांचे आकर्षण अटींपुढे असे विरघळून जाते. म्हणून दोन प्रश्न ई-मेलने विचारून उत्तर जपून ठेवावे: हे क्रेडिट इतर सवलतींबरोबर चालते का, आणि उरलेल्या शिलकीचे काय होते?

मुदतीच्या बाबतीत अनेकांची गफलत होते. काही क्रेडिटना आरक्षण करण्याची शेवटची तारीख असते, तर काहींना प्रत्यक्ष प्रवासाची, आणि या दोन तारखांत कित्येक महिन्यांचे अंतर असू शकते. क्रेडिट वापरून केलेले नवे आरक्षण पुढे रद्द करावे लागले तर क्रेडिटची मूळ मुदतच कायम राहते की नवी मिळते, हेही तपासावे. शिवाय क्रेडिट बहुधा प्रत्येक प्रवाशाच्या नावाने स्वतंत्र निघते आणि ते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. त्यामुळे एका केबिनमधील दोघांपैकी एकालाच पुढे जाता आले तर दुसऱ्याचे क्रेडिट पडून राहते. याचा फटका ज्येष्ठांना अधिक बसतो. अमेरिकेत स्थायिक झालेली मुले आईवडिलांच्या मुक्कामात अलास्काची किंवा कॅरिबियनची क्रूझ ठरवतात, पैसे मुलाच्या कार्डवरून जातात आणि क्रेडिट मात्र पुण्याला किंवा नागपूरला परतलेल्या आईवडिलांच्या नावे निघते. एका वर्षात पुन्हा तितका लांबचा प्रवास, प्रकृती, विमानभाडे आणि प्रवासविमा हे सारे जुळेलच असे नाही. अशा कुटुंबाने, क्रेडिट कितीही भरघोस वाटले तरी, रोख परतावाच मागावा आणि तो मूळ कार्डवर जमा करून घ्यावा.

कंपनी टिकेल का, हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो विचारायलाच हवा. मुंबईहून २०१९ मध्ये सुरू झालेली जलेश क्रूझेस २०२० मध्ये बंद पडली आणि तिचे ‘कर्णिका’ जहाज अलंगला भंगारात निघाले. आपल्याकडील पर्यटकांना सिंगापूरहून निघणाऱ्या ड्रीम क्रूझेसमुळे परिचित असलेल्या गेंटिंग हाँगकाँग या समूहाने जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीचा मार्ग धरला, आणि त्याच समूहाची क्रिस्टल क्रूझेसही त्यात थांबली. कंपनी बुडाली की क्रेडिटधारक हा बिनतारण धनको ठरतो आणि त्याचा क्रमांक बँकांच्या मागे लागतो. कार्डने भरलेली रक्कम मात्र बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कार्डवरचा व्यवहार उलटवून पैसे परत मागण्याचा, अर्ज करून मिळण्याची शक्यता असते. या अर्जाला मुदत असते, आणि एकदा क्रेडिट स्वीकारले की ‘तुम्ही मोबदला घेतला आहे’ असे उत्तर मिळू शकते. विमा कंपनीही याच कारणाने दावा नाकारू शकते.

कायद्याचा आधार कोणत्या देशाचा, हे सफर कोठून सुटते आणि आरक्षण कोठे केले यावर अवलंबून असते. अमेरिकेतील बंदरांतून निघणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांसाठी फेडरल मेरीटाइम कमिशन या तेथील सागरी वाहतुकीच्या नियामक संस्थेचा नियम २०२२ पासून लागू आहे: सफर रद्द झाली किंवा तीन दिवस वा त्याहून अधिक लांबली आणि प्रवाशाने जाण्याचे नाकारले, तर तो परताव्यास पात्र ठरतो, मागणी मात्र ठरलेल्या मुदतीत करावी लागते. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये क्रूझला पॅकेज सहलीचे नियम लागू होतात आणि आयोजकाने सहल रद्द केल्यास १४ दिवसांत पैसे परत करावे लागतात. व्हाउचर घेणे प्रवाशाच्या मर्जीवर असते.

भारतात आरक्षण केले असेल तर कराराबरोबर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हाताशी आहे. सदोष सेवेचे पैसे बिलात दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत न करणे ही या कायद्याच्या व्याख्येनुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. याशिवाय सर्वोच्च न्यायालयाचा १ ऑक्टोबर २०२० चा ‘प्रवासी लीगल सेल’ या संस्थेच्या प्रकरणातील निकाल वाचण्याजोगा आहे. तो टाळेबंदीतील विमानतिकिटांपुरता होता, क्रूझला थेट लागू होत नाही. पण अडचणीतील विमान कंपन्यांना क्रेडिट देण्याची मुभा देताना न्यायालयाने ते दुसऱ्याच्या नावे करता यावे, त्याचे मूल्य दरमहा ठरावीक दराने वाढावे आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत न वापरल्यास रोख परत मिळावे, अशा अटी घातल्या. न्याय्य क्रेडिट कसे असावे याचा हा उत्तम नमुना आहे, आणि कंपनीशी पत्रव्यवहार करताना याच तीन अटी मागाव्यात.

एजंटमार्फत आरक्षण असेल तर परतावा बहुधा आधी एजंटच्या खात्यात येतो, म्हणून कंपनीने रक्कम कधी सोडली हे कंपनीलाच विचारावे. क्रेडिट एजंटच्या नावे नव्हे, प्रवाशाच्या नावे निघाले आहे, याची खात्री करावी. परदेशी पॅकेजवर एजंटने टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने सरकारसाठी गोळा केलेला आयकर, घेतला असेल तर तो परत येणार की तुमच्या पॅनवर जमा राहणार, हेही विचारावे. पॅनवर दिसत असल्यास आयकर विवरणपत्रात त्याची मागणी करता येते. स्वतंत्रपणे काढलेले विमानतिकीट आणि हॉटेल यांची भरपाई क्रूझ कंपनी सहसा करत नाही, त्यांच्यासाठी त्या त्या कंपनीकडे वेगळा अर्ज लागतो.

परताव्याची मागणी ई-मेलने करावी. त्यात आरक्षण क्रमांक, सफरीची तारीख, भरलेली एकूण रक्कम आणि ‘मी क्रेडिट स्वीकारत नाही, मला मूळ माध्यमातून पूर्ण परतावा हवा’ हे वाक्य स्पष्ट असावे. ठरावीक तारखेपर्यंत उत्तर न दिल्यास क्रेडिट मान्य समजले जाईल, अशी अट काही पत्रांत असते, त्यामुळे गप्प राहणे महागात पडते. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, सेवेपोटी भरलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. क्रेडिटची मुदत संपण्याची वाट पाहत यातला बराच काळ निघून जाऊ शकतो, म्हणून सफर रद्द झाल्याच्या पत्राची तारीख त्याच दिवशी टिपून ठेवावी.