कूलर, गॅस, नळ, फ्रिज: घरातले सगळे नॉब एका वळणावर कसे आणायचे

मार्च लागला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात, खस नाहीतर वूड वूल बदलून होते, टाकी घासून होते, मोटरला तेल देऊन होतं, पण कूलरच्या पट्टीवरचे नॉब आणि खटके मात्र जसे आहेत तसेच राहतात. समोरच्या खोलीतला कूलर उजवीकडे फिरवला की आधी हळू चालतो, आतल्या खोलीतला आधी एकदम जोरात सुटतो, पंपाचा खटका एकीकडे खाली केला की चालू आणि दुसरीकडे वर केला की चालू. घरच्यांना सवय होऊन जाते. त्रास होतो तो गावाहून आलेल्या आजीला, नवीन सुनेला, कामाला येणाऱ्या ताईंना, आणि रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत उठलेल्या कोणालाही. हे सगळं एका सुट्टीच्या दिवशी नीट करता येतं, खर्चही फार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की करा. नॉब कोणत्या बाजूला फिरावा यात मुळात बरोबर-चूक फारसं काही नसतं, एकदा रीत पडली की हाताला तीच सवय लागते आणि मग त्या रीतीबाहेरचा नॉब हाताला फसवतो. त्यामुळे आपल्याला कामं दोनच, जिथे सगळीकडे चालणारी रीत आहे तिथे आपलं घर त्या रीतीत आणायचं, आणि जिथे रीतच ठरलेली नाही तिथे घरापुरती एक ठरवून सगळ्या खोल्यांत तीच ठेवायची.

वही-पेन घेऊन घरभर एक चक्कर मारा. प्रत्येक नॉब प्रत्यक्ष फिरवून पाहा आणि लिहा: बंद कुठे आहे, कोणत्या बाजूला फिरवल्यावर वाढतं, वर काय लिहिलंय आणि ते लिहिलेलं अजून दिसतं का. आठवणीवर लिहू नका आणि घरच्यांना विचारून तर अजिबात लिहू नका, कारण रोज वापरणाऱ्याचा हात बरोबर जातो पण तोंडाने विचारलं तर तोच माणूस उलटं सांगतो.

आता रीती. विजेच्या वस्तूंमधे उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवलं की वाढतं. फॅनचा रेग्युलेटर, रेडिओचा आवाज, गीझर, ओव्हन, सगळं असंच, आणि विजेच्या वस्तूंचे नियम ठरवणाऱ्या आयईसी या संस्थेचं ६०४४७ हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्डही हेच सांगतं. पाण्याच्या बाबतीत बरोबर उलट, उजवीकडे फिरवलं की बंद, कारण साध्या नळाच्या आत उजव्या आट्यांचा स्क्रू असतो, तो उजवीकडे फिरला की आत जातो आणि वॉशर दाबून पाण्याची वाट बंद करतो. काहून असं दोन तऱ्हेचं, असं वाटेल, पण दोन्ही आपापल्या जागी इतक्या पक्क्या बसल्यात की एकासारखं दुसरं करायला जाऊ नका. खटक्यांचं म्हणाल तर आपल्याकडे खाली केला की चालू, इंग्लंडमधेही तेच, अमेरिकेत मात्र वर केला की चालू.

रीत नीट पाळली की काय होतं ते पाहायचं असेल तर मिक्सर पाहा. शून्य मधे, उजवीकडे १, २, ३, आणि डावीकडे तो झटका द्यायचा जो हात सोडला की परत शून्यावर येतो. कंपनी कोणतीही असो, साध्या नॉबच्या मिक्सरमधे बहुतेक हेच असतं, म्हणून कोणाच्याही घरी जाऊन चटणी वाटताना विचारावं लागत नाही. इस्त्रीचे टिंबही तसेच, एक टिंब म्हणजे ११० डिग्रीपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००, आणि हेच टिंब कपड्याच्या लेबलवर पण असतात, लेबलवर जेवढे टिंब तेवढ्या टिंबांवर नॉब लावायचा, वाचता येत नसलं तरी काम होतं. मला स्वतःला हे टिंब फार आवडतात.

आता कूलर, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. आपल्याकडे बहुतेक कूलर लोकल असेंबल केलेले, बॉडी एकाची, मोटर दुसऱ्याची, आणि वायर जोडणाऱ्याच्या हाताला जे आधी लागलं ते आधी जोडलेलं. काम सुरू करायच्या आधी प्लग भिंतीतून काढा, नुसता खटका बंद करून भागत नाही, पाणी आणि लोखंडी बॉडी एकत्र आहे आणि अर्थिंग बरोबर नसेल तर जीव जातो, दर उन्हाळ्यात विदर्भात अशा बातम्या येतात. विजेचं काम येत नसेल तर वायरमनला बोलवा, पण काय करून पाहिजे ते तुम्ही सांगा, त्याच्यावर सोडू नका.

पट्टी उघडली की स्पीडच्या स्विचमागे साधारण चार टोकं दिसतील, एक लाईनचं, बाकी तीन १, २, ३ चे. मोटरच्या तीन वायरी या तीन टोकांना ज्या क्रमाने जोडाल त्या क्रमाने स्पीड येतो, म्हणजे नुसत्या वायरी अदलाबदल करून क्रम बदलतो, नवीन काही घ्यावं लागत नाही. वायरींच्या रंगावर भरवसा ठेवू नका, प्रत्येक मोटरचे रंग वेगळे असतात, काढायच्या आधी प्रत्येक वायरला टेपचा तुकडा लावून त्यावर लिहून ठेवा. मोटरला सुरू व्हायला मदत करणारा जो कपॅसिटर असतो त्याच्या टोकांना हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो.

क्रम कोणता ठेवायचा? काही कारागीर मुद्दाम बंदच्या लगेच पुढे जोरात ठेवतात आणि त्याला कारण आहे, मोटर हळूच्या स्पीडवर सुरू केली तर तिला उठायला जोर कमी मिळतो, बुश (ज्यात मोटरची दांडी फिरते ते कडं) घट्ट झालेली जुनी मोटर नुसती घूं घूं करत राहते आणि तापते. तरी माझं मत असं की मोटर चांगली असेल तर बंद, हळू, मध्यम, जोरात असाच क्रम ठेवा, कारण त्याच खोलीत वर फॅनचा रेग्युलेटर उजवीकडे वाढतोय आणि हाताला दोन्हीकडे एकच सवय राहते. मोटर थकलेली असेल तर जोरात आधी ठेवा, पण मग घरातल्या सगळ्या कूलरना तोच क्रम द्या आणि १, २, ३ हे आकडे पुसून सरळ "जोरात, मध्यम, हळू" असं लिहा, कारण ३ म्हणजे सगळ्यात हळू हे कोणाच्याच डोक्यात बसत नाही. काही स्विच गोल गोल फिरतात, त्यांना शेवटच नसतो, बंदच्या एका बाजूला हळू आणि दुसऱ्या बाजूला जोरात येतं, असला स्विच बदलूनच टाका, दोन्ही टोकांना अडणारा घ्या, नागपुरात बर्डीवर नाहीतर इतवारीच्या बाजारात सहज मिळतो.

पंप आणि स्विंगच्या (हवा डावीकडे-उजवीकडे फिरवणाऱ्या पट्ट्यांच्या) खटक्यांचं पण ठरवा. वापरायचा क्रम पाहा, आधी पंप लावून खस ओली होऊ द्यायची, मग पंखा, मग वाटलं तर स्विंग, तर पट्टीवर पण डावीकडून हाच क्रम ठेवा. खटके आडवे बसवलेले असतील तर ते उभे करून घ्या, म्हणजे भिंतीवरच्या बोर्डासारखे खाली केले की चालू होतील, आडव्या खटक्याला कोणतीच रीत नाही आणि प्रत्येक जण वेगळा अंदाज लावतो.

पंपाचा खटका आणि स्विंगचा खटका शेजारी शेजारी अगदी एकसारखे असतात, याचा इलाज दुसऱ्या महायुद्धातला आहे. अमेरिकेच्या बी-१७ विमानांमधे चाकं आत घ्यायचा खटका आणि फ्लॅपचा, म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांचा खटका शेजारी शेजारी आणि सारखेच होते, विमान उतरल्यावर पायलट फ्लॅपऐवजी चाकंच आत घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. पायलटलाच दोष द्यायची पद्धत होती. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे पाहिलं आणि चाकांच्या खटक्यावर छोटं रबरी चाक, फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा लावला, म्हणजे न पाहता नुसत्या हाताने कळतं. आजही प्रवासी विमानात चाकांच्या खटक्याचं टोक चाकाच्याच आकाराचं असतं. आपल्यालाही तेच करायचंय, पंपाच्या खटक्यावर एम-सीलचा ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब बसवा, अंधारात बोट लावलं की समजतं. हा थेंब घरात एकाच अर्थाने वापरा, कूलरवर पंप आणि गीझरवर दुसरंच काही असं नको.

गॅसकडे वळूया. गॅसचं बटण दाबून डावीकडे फिरवलं की आधी मोठी आच येते, आणखी फिरवलं की बारीक होत जाते आणि शेवटी सिमवर अडतं. इथे जास्त फिरवलं तर कमी मिळतं, आणि हे मुद्दाम केलेलं आहे, पेटवताना भरपूर गॅस असला की लवकर पेट घेतो, आणि बारीक करता करता बटण जिथे अडतं ती जागा बंदपासून लांब असते. बारीक बंदच्या शेजारी असतं तर दूध आटवताना आच कमी करायला जाऊन नकळत विझली असती. म्हणून गॅसचा क्रम बदलायचा विचारही करू नका, आतला व्हॉल्व्ह उघडू नका, सिम फारच मोठं किंवा विझण्याइतकं बारीक असेल तर मेकॅनिककडून सेट करून घ्या. आपण करायचं ते बाहेरून: बंदची रेघ, मोठ्या आचेचं चित्र आणि सिमचं चित्र पुसलं गेलं असेल तर परत काढायचं.

बटण तुटलं म्हणून नवीन आणताना एक पाहा, व्हॉल्व्हची दांडी एका बाजूने सपाट असते आणि बटणाच्या भोकातही तशीच सपाट बाजू असते, पण ती सपाट बाजू प्रत्येक बटणात एकाच ठिकाणी नसते. चुकीचं बटण घट्ट बसतं पण गॅस बंद असताना रेघ वर न राहता आडवी दिसते, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला वाटतं गॅस चालू आहे, किंवा त्याहून वाईट, चालू असताना बंद वाटतो. दुकानात जुनं बटण घेऊन जा आणि भोक मिळवून पाहा. एक तुटलं तरी सगळी एकसारखीच बदला.

दोन बर्नरच्या शेगडीत कोणतं बटण कोणाचं हा प्रश्नच येत नाही. मॉड्युलर किचनमधे चार बर्नर चौकोनात आणि चार बटणं एका रांगेत असली की प्रश्न येतो. याच चॅपॅनिसने लिंडेनबॉमसोबत १९५९ साली चार बर्नरच्या शेगडीवर प्रयोग केला होता, मागचे आणि पुढचे बर्नर थोडे सरकवून प्रत्येक बर्नर आपल्या बटणाच्या सरळ रेषेत आणला तर लोकांची एकही चूक झाली नाही, चौकोनी मांडणीत चुका झाल्या. नवीन घेत असाल तर हे पाहून घ्या. घेऊन झाली असेल तर प्रत्येक बटणाच्या वर चार टिंबांचा छोटा चौकोन काढा आणि त्या बटणाचा बर्नर जिथे आहे ते एक टिंब भरून टाका.

नळाचं थोडक्यात. गरम डावीकडे, थंड उजवीकडे, हे जवळजवळ सगळीकडे चालतं, प्लंबरने उलटं जोडलं असेल तर नुसती लाल-निळी टिकली बदलून समाधान मानू नका, जोडणी बदलून घ्या, साबण डोळ्यात गेल्यावर टिकली कोण पाहतं? क्वार्टर टर्न, म्हणजे पाव वळणात उघडणाऱ्या नळाचा स्पिंडल (आतला फिरणारा भाग) बदलताना डावीकडे उघडणारा आणि उजवीकडे उघडणारा असा फरक असतो, जुना सोबत न्या. गच्चीवरच्या टाकीच्या बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाइपच्या रेषेत असला की चालू, आडवा असला की बंद, दांडा तुटून कोणी भलताच बसवला असेल तर तो आधी दुरुस्त करा.

फ्रिज आणि एसी हे दोघं आकड्यांनी फसवतात. साध्या नॉबच्या फ्रिजमधे आकडा वाढवला की जास्त थंड, एसीमधे आकडा वाढवला की कमी थंड, कारण एसीचा आकडा खोलीचं तापमान सांगतो आणि फ्रिजचा आकडा थंडाव्याचा जोर. मे महिन्यात पाणी गार होत नाही म्हणून लोक फ्रिजचा नॉब १ वर नेऊन ठेवतात. आकडे राहू द्या, बाजूला बाण काढून "जास्त थंड" एवढं लिहा.

सगळं झालं की पारख करा. घरात कधी न राहिलेल्या कोणाला तरी बोलवा, सांगा की हा कूलर मध्यमवर लाव, हा मागचा बर्नर पेटव, आणि तुम्ही तोंड बंद ठेवून फक्त त्यांचा हात पाहा. हात आधी उलट्या बाजूला गेला की समजा तिथे काम बाकी आहे, समजावून सांगत बसू नका, खूण बदला. कूलरची हीच परीक्षा लाईट बंद करून पण घ्या.

लिहायला स्केचपेन किंवा मार्कर घेऊ नका, गॅसजवळ तेल-वाफेने आणि कूलरजवळ पाण्याने लगेच जातं. ऑइल पेंट आणि बारीक ब्रश घ्या, नाहीतर नेलपेंट चालते, पण आधी जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा आणि रात्रभर वाळू द्या. लाल-हिरवा असा नुसत्या रंगाचा फरक ठेवू नका, बऱ्याच पुरुषांना तो ओळखू येत नाही, रंगासोबत अक्षर किंवा आकार पाहिजेच. आणि कूलरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला कोणती वायर कोणत्या टोकाला आहे हे कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेपने चिकटवा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरा वायरमन मोटर बदलायला आला तरी जोडणी त्याच क्रमाने करेल.