केळ्याचं थरांचं पुडिंग, तळाशी पाणी न साचता

या पुडिंगमध्ये अवघड असं काही नाही, तरी ते हमखास बिघडतं ते पाण्यामुळे. कापलेलं केळं पाणी सोडत राहतं, बिस्किट ते पीत राहतं आणि कस्टर्ड कच्चं राहिलं असेल तर तेही पाणी टाकतं. त्यामुळे खरी मेहनत कस्टर्डवर घ्यायची. बाकी सगळी रचनाच आहे.

आठ जणांसाठी अडीच लिटरचं खोलगट काचेचं भांडं घ्या. साहित्य असं: दूध 750 मिली, साखर 100 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 60 ग्रॅम, चिमूटभर मीठ, लोणी 30 ग्रॅम, व्हॅनिला इसेन्स दीड चमचा, मध्यम आकाराची 5 केळी, लिंबाचा रस 1 चमचा, साधी पातळ गोड बिस्किटं 200 ग्रॅम, फेटायचं क्रीम 250 मिली आणि त्यात घालायला 2 मोठे चमचे पिठीसाखर. कस्टर्ड पावडर वापरायची असेल तर कॉर्नफ्लोअरऐवजी तेवढीच घ्या. ती मुळात रंग आणि वास घातलेलं कॉर्नफ्लोअरच असते. अंडं चालत असेल तर 3 बलक घाला आणि कॉर्नफ्लोअर 50 ग्रॅमवर आणा. चव जास्त भरीव येते.

150 मिली थंड दुधात कॉर्नफ्लोअर (आणि बलक) गुठळी न राहता कालवा. उरलेलं दूध जाड बुडाच्या पातेल्यात साखर-मीठ घालून तापवा. कडेला बुडबुडे दिसले की आच मंद करा. कालवलेलं दूध पुन्हा एकदा ढवळून घ्या, कारण कॉर्नफ्लोअर तोवर तळाशी बसलेलं असतं. मग बारीक धारेनं ओता, दुसऱ्या हातानं ढवळणं चालूच. बलक असतील तर आधी त्यात दोन-तीन पळ्या गरम दूध घालून घ्या, नाहीतर पातेल्यात अंड्याचे कण दिसतील.

मिश्रण एकदम दाटतं आणि झालं असं वाटून लोक गॅस बंद करतात. इथेच चुकतं. जाड, आळशी बुडबुडे फुटायला लागल्यावर घड्याळ लावून पूर्ण 1 मिनिट शिजवा. कॉर्नफ्लोअरचा पिठूळपणा तेव्हाच जातो. बलक घातले असतील तर हे मिनिट टाळताच येत नाही: बलकातलं स्टार्च मोडणारं एन्झाइम उकळीनंच निकामी होतं. ते जिवंत राहिलं तर रात्री घट्ट दिसलेलं कस्टर्ड सकाळी पातळ झालेलं असतं. आपल्या लाळेतही असंच एन्झाइम असतं, म्हणून चव घेतलेला उष्टा चमचा परत पातेल्यात बुडवायचा नाही. पळीच्या पाठीवर बोट ओढलं आणि रेघ तशीच राहिली की कस्टर्ड झालं. गरम असताना ते जरा सैलच दिसतं. घाबरून वरून कॉर्नफ्लोअर घालू नका.

उतरवून लोणी आणि इसेन्स मिसळा. रुंद भांड्यात काढून वर क्लिंग फिल्म अगदी पृष्ठभागाला चिकटवून ठेवा, म्हणजे साय धरत नाही. अर्ध्या तासात ते कोमट होतं. कोमटच वापरा. कढत ओतलं तर केळी शिजून लिबलिबीत होतात, पार गार होऊन घट्ट बसलं तर पसरवताना ढवळावं लागतं आणि त्यात त्याचा दाटपणा मोडतो.

केळी पूर्ण पिवळी, सालीवर थोडे तपकिरी ठिपके असलेली हवीत. देठाशी हिरवी असतील तर तुरट लागतात, काळी पडलेली असतील तर दुसऱ्या दिवशी त्यांचा लगदा होतो. अगदी थर लावायच्या वेळी, साधारण पाऊण सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा आणि लिंबाचा रस हलक्या हातानं लावा. त्यांच्यावर साखर मात्र भुरभुरू नका, लगेच पाणी सुटतं.

आता तळाला कस्टर्डचे चार-पाच चमचे पसरा, म्हणजे खालची बिस्किटं सरकत नाहीत आणि कोरडीही राहत नाहीत. मग बिस्किटं, केळी आणि उरलेल्यातलं निम्मं कस्टर्ड. पुन्हा तोच क्रम. काही चकत्या काचेला टेकवून उभ्या लावल्या तर बाहेरून छान दिसतं. कस्टर्ड कडेपर्यंत न्या, एकही चकती उघडी राहू देऊ नका. केळं काळं पडतं ते हवा लागून. लिंबानं तो वेग फक्त कमी होतो. मधे क्रीम भरलेली बिस्किटं इथे कामाची नाहीत, त्यांतला तुपकट थर ओलावा आत जाऊ देत नाही.

झाकून फ्रीजमध्ये 6 तास. 4 तासांत थर बसतात, पण बिस्किटाचा मध्य अजून कुरकुरतो.

क्रीम वाढण्याच्या तासभर आधी फेटा. 35 टक्के फॅटचं, फ्रीजमधून नुकतंच काढलेलं हवं. 25 टक्क्यांचं कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. व्हिस्क उचलल्यावर टोक वाकून राहिलं की थांबा. रवाळ दिसायला लागलं तर 2 चमचे न फेटलेलं क्रीम हातानं मिसळा, बहुधा सावरतं. त्यापुढे गेलं की ते लोणी झालं, पोळीला लावा. फेटलेलं क्रीम पुडिंगवर पसरा आणि त्यावर बिस्किटाचा चुरा अगदी वाढतानाच घाला.

पहिल्या 24 तासांत चव सगळ्यात चांगली असते, दुसऱ्या दिवसाअखेर संपवाच. उरलं म्हणून फ्रीजरमध्ये ढकलू नका: कॉर्नफ्लोअरचं कस्टर्ड गोठून वितळलं की स्पंजासारखं होतं आणि सगळं पाणी तळाशी येतं.